शुक्र समोर असताना

रविवारी सकाळी धुळ्याहून येणारी गाडी स्टेशनात शिरताना भोंगा देते आणि तो आमच्या चाळीसगावच्या घरापर्यंत स्पष्ट ऐकू येतो. लहानपणापासून मी तो ऐकत आले आहे. मात्र तो कानी पडताच हात आपोआप केसांकडे जावा, अंगावरचा गाऊन बदलून साडी नेसावी की तेही आईच्या लक्षात येईल असा विचार मनात यावा, हे बाळंतपणानंतरच्या त्या हिवाळ्यातच प्रथम घडले.

भोंग्यानंतर पाव तासाने फाटकाची कडी वाजे. माझे पती आत येत, चपला भिंतीशी अगदी सरळ लावून ठेवत आणि दाराच्या सर्वांत जवळच्या खुर्चीवर बसत. आई पाण्याचा तांब्या आणून ठेवी. माझ्याशी ती खानदेशीत बोलते. जावयासमोर आली की तिची भाषा एकदम शाळेतल्या बाईंसारखी होते.

"प्रवास बरा झाला ना?"

"हो. गर्दी नव्हती."

दर रविवारी हेच दोन वाक्यांचे संभाषण होई. एकदा त्यांनी "आज गर्दी होती" असे सांगितले, तेव्हा पुढे काय विचारावे हे आईला सुचेना आणि ती पुन्हा पाणी आणायला आत गेली.

दिवसभर ते थांबत. जेवत, लेकीला मांडीवर घेत, आईने सांगितलेली बल्ब बदलण्यासारखी कामे करत. संध्याकाळच्या गाडीने परत जात. बायको बाळंतपणासाठी माहेरी असताना जावयाने त्या घरी रात्र काढायची नसते, असा आमच्याकडे रिवाज आहे. तो कुणी त्यांना सांगितला नव्हता आणि त्यांनीही विचारला नव्हता. दिवसभरात आम्हां दोघांना एकमेकांजवळ जाण्याचे निमित्त एकच असे: लेकीला एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देणे. तान्ह्या बाळाची मान सांभाळावी लागते, म्हणून हे काम सावकाश करावे लागते. आम्ही ते जरा जास्तच सावकाश करत असू. तिच्या पाठीखाली त्यांचा हात माझ्या हाताला लागे आणि दोघेही मान खाली घालून बाळाकडे पाहत राहत असू. लेक मोठी होऊन मान धरू लागली, तरी आम्ही ती तितक्याच जपून एकमेकांकडे देत होतो.

माझे लग्न तेहेतिसाव्या वर्षी झाले. आधी शिक्षण, मग वडिलांचे आजारपण, मग नुसतेच राहून गेलेले दिवस. ज्या वयात माझ्या मैत्रिणी मुलांच्या दहावीची चिंता करू लागल्या होत्या, त्या वयात मी नवऱ्याला चहात साखर किती लागते हे शिकत होते. धुळ्यात देवपूर भागात आमचे दोन खोल्यांचे भाड्याचे घर आहे. सासू-सासरे गावी थोरल्या दिरांकडे असतात. माझे पती जमीन मोजणी खात्यात नोकरीला, आणि मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत असे. रात्री जेवणे झाली की ते भांडी घासत, मी पुसून फळीवर लावत असे. बोलणे फारसे होत नसे. नळाचा आवाज, त्यांच्या कोपराला लागलेला साबणाचा फेस, आणि शेवटची वाटी माझ्या हाती देताना त्यांचे "झालं" असे म्हणणे. हे सुरू होऊन दीड वर्षही झाले नव्हते, तोच सातव्या महिन्यात मी माहेरी आले.

आता त्या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट सांगायला हवी. ती सांगताना आजही मला संकोच वाटतो.

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत, गावातल्या एका लहान दवाखान्यात माझी लेक जन्मली. ती सुखरूप आहे हे कळून मी नुकती कुठे डोळे मिटले होते, इतक्यात परिचारिकेने विचारले, "ताई, तांबी बसवायची का? आत्ताच बसवून टाकता येते. पुन्हा खेटा नको."

तांबी म्हणजे तांब्याची तार गुंडाळलेले एक लहानसे साधन. दोन मुलांत अंतर राहावे म्हणून ते गर्भाशयात बसवतात, आणि पुढचे मूल हवे असले की काढून टाकतात. हे मला ठाऊक होते. तांबी हवी की नको, तेही ठाऊक होते: हवी होती. तरीही मी उत्तर न देता आईकडे पाहिले.

आईने पदराचे टोक ओठांवर धरले. "जवाईबापूले इचारनं पडी," ती हळूच म्हणाली.

परिचारिकेने दार अर्धे उघडले आणि बाहेरच्या बाकांवर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "बाळाचे बाबा कोण? तांबी बसवायची का हो?"

मग माझ्या पतींचा आवाज आला. इतका बारीक आवाज मी त्यांचा पूर्वी कधी ऐकला नव्हता.

"आई म्हणतील तसं."

"माले काय समजस त्यामाधलं?" आई भिंतीकडे पाहत म्हणाली.

"ठरवा आणि सांगा," असे म्हणून परिचारिका निघून गेली. आम्ही तिघांनीही सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी लेकीला दुपट्यात गुंडाळून घरी आलो. तो प्रश्न मात्र घरी आला नाही. तो दवाखान्याच्या अर्ध्या उघड्या दारातच राहिला.

सव्वा महिना झाला. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, सगळे यथासांग झाले होते. आता मला धुळ्याला न्यायचे, असे त्यांनी आईला सांगितले, म्हणजे त्यांच्या पद्धतीने सांगितले: "घरी पाळणा आणून ठेवलाय."

"छान केलं," आई म्हणाली. "पण आता पौष लागतोय ना, जावईबापू."

ते गेल्यावर माझ्या चेहऱ्याकडे पाहून ती मला म्हणाली, "पौषम्हा कोनी आंडेर धाडस का?"

पौषात लेक सासरी धाडत नाहीत, हे मलाही माहीत होते. पौष संपेपर्यंत संक्रांत आली आणि लेकीचे बोरन्हाण झाले. तिच्या डोक्यावरून ओतलेल्या बोरांतले एक बोर त्यांनी खिशात टाकून धुळ्याला नेल्याचे मी पाहिले. माघ लागला. त्या रविवारी ते नेहमीपेक्षा थोडे पुढे सरकून खुर्चीवर बसले.

"पौष संपला, आई."

"संपला ना. पण आता शुक्र समोर आहे."

"समोर म्हणजे?"

"संध्याकाळी मावळतीला मोठी चांदणी दिसते ना, तोच. तान्हं लेकरू घेऊन बाई शुक्राकडं तोंड करून सासरी जात नाही. लेकराला बाधतं."

माझ्या पतींचा सारा दिवस दिशा, बांध आणि हद्दी यांत जातो. ते नम्रपणे म्हणाले, "पण आई, धुळं इथून उत्तरेला आहे."

"धुळं असेल उत्तरेला," आई म्हणाली. "आपलं स्टेशन तर मावळतीला आहे ना."

मोजणी खात्याने खिडकीतून एकदा मावळतीकडे पाहून घेतले. संध्याकाळी निघताना, लेकीला माझ्याकडे देता देता, ते अगदी हळू म्हणाले, "स्टेशनला मागून, रुळांच्या पलीकडून वळसा घालून गेलो तर?" मला हसू आले आणि लगेच रडूही येईल असे वाटले, म्हणून मी बाळाच्या टोपडीची नाडी बांधू लागले. ती आधीच बांधलेली होती.

महाविद्यालयाची रजा संपत आली असती, तर जाण्यासाठी ते एक कारण झाले असते. पण तासिकांचे ते काम बाळंतपणापूर्वीच सुटले होते. सासूबाई तिथे एकट्या असत्या, आजारी असत्या, तरी सांगता आले असते. मला धुळ्याला बोलावणारे दुसरे काहीच नव्हते. मला केवळ माझा नवरा हवा होता. आणि एवढे एक वाक्य आईसमोर उच्चारता येईल अशी भाषा, दोन पदव्या घेऊनही, माझ्याजवळ नव्हती.

आईला खरी भीती कशाची आहे, हे मी ओळखले होते. त्याबद्दल मी वाचलेही होते. बाळ पूर्णपणे आईच्याच दुधावर आहे, सहा महिन्यांच्या आतले आहे आणि पाळी परत सुरू झालेली नाही. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील तोवर गर्भ राहण्याची शक्यता फार थोडी असते. माझ्या बाबतीत तिन्ही खऱ्या होत्या. आईला उद्देशून हे वाक्य मी मनात अनेकदा रचले, त्यातले शब्द बदलले, अधिक सभ्य केले. पण ते कितीही सभ्य केले तरी त्याचा अर्थ एकच निघे.

दुपारी फोन येई. आई शेजारीच पडलेली असे, म्हणून आमचे बोलणे लेकीच्या शी-शूच्या रंगावर आणि झोपेवर चाले. "ती झोपते का नीट?" असे ते विचारत. "झोपते. पण मध्येच दचकून उठते, मग लवकर झोप लागत नाही," असे मी सांगे. थोडे थांबून ते म्हणत, "इकडेही तसंच आहे." एकदा त्यांनी खानावळीतून आणलेल्या शेवभाजीच्या पार्सलचा फोटो पाठवला. प्लास्टिकच्या पिशवीतून भाजी अजून पातेल्यात काढलेली नव्हती. त्यामागे, ओट्याच्या कडेला, माझा भांडी पुसण्याचा पंचा घडी घालून ठेवलेला दिसत होता. मी ठेवून आले होते तसाच. शेवभाजीपेक्षा तो पंचाच मी मोठा करून पाहत बसले.

शुक्र फाल्गुनापर्यंत मावळतीला राहिला. संध्याकाळी ते स्टेशनकडे निघाले की मी लेकीला घेऊन गच्चीवर जात असे. रस्त्याच्या टोकाशी त्यांचा पांढरा शर्ट दिसेनासा होई आणि बरोबर त्याच बाजूला, स्टेशनच्या टाकीवर, तो शुक्र लखलखू लागे. इतकी सुंदर गोष्ट इतकी नकोशी वाटावी, याचे मला वाईट वाटे.

शेजारी एक अक्का राहतात. आईच्याच वयाच्या, पण आई जे तीन दिवस मनात घोळवते ते त्या दारातून आत येता येता बोलून टाकतात. एका दुपारी त्या आल्या तेव्हा आई अंगणात लेकीची दुपटी वाळत घालत होती आणि मी ओट्यावर बसून तिला पाजत होते.

"काय वं, जवाई ह्या आइतवारलेबी उना व्हता ना?" अक्का म्हणाल्या. "त्याले म्हना, गाडीना पासच काढी ले."

"लेकरूले देखाले येस," आई म्हणाली.

"हां, लेकरूलेच!" अक्का माझ्याकडे पाहून हसल्या. "मंग कवय धाडी ऱ्हायनी हिले?"

"शुक्र समोर शे ना, अक्का."

अक्कांनी दोरीवरचे एक दुपटे उगाच सरळ केले. "ओ माय," त्या म्हणाल्या, "तिले तांबी बसाडी दे नि मोकळी व्हय. त्या बिचारा शुक्रले कसाले तरास देस?"

आईच्या हातातला चिमटा खाली पडला. मी पदर लेकीच्या तोंडावर इतका ओढला की ती गुदमरून ओरडली. अक्का मात्र वाटीभर मेथ्या मागायला आल्या होत्या, त्या घेऊन शांतपणे निघून गेल्या. चार महिने आमच्या घरात ज्या शब्दाला जागा नव्हती, तो त्या अंगणात टाकून गेल्या होत्या आणि दुपट्यांच्या रांगेखाली आम्ही दोघीच उरलो होतो.

आईने पडलेला चिमटा उचलून दोरीला लावला. मग माझ्या शेजारी येऊन बसली आणि लेकीचे पाऊल हातात घेतले.

"तू चार महिनानी व्हती," ती म्हणाली.

तिने सांगितले ते असे. मी चार महिन्यांची असताना ती सासरी परतली. ते कापूस वेचणीचे दिवस होते. मला घरी चुलतसासूजवळ ठेवून ती शेतात जाई. मधल्या वेळी मला गाईचे दूध पाजत, आणि ती दुपारी एकदा व संध्याकाळी येऊन अंगावर घेई. अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवस जात नाहीत, असे वेचणीतल्या सगळ्या बाया सांगत. माझ्या जन्मानंतर तिला पाळी आलेलीच नव्हती. मग चुकली हे तरी कशावरून समजणार? कापसाची ओटी बांधताना एक दिवस पोटात आतून काहीतरी हलले. "माले वाटनं, वायगोळा शे," आई म्हणाली. "माले समजनंच नही."

तो माझा भाऊ; आता पुण्याला असतो.

तिचे दूध आटले. तिच्या अंगात रक्त राहिले नव्हते, आणि मी हगवणीने सुकून गेले होते. तेव्हा आईच्या थोरल्या बहिणीने मला पिंपळनेरला नेले. नेले सहा महिन्यांसाठी. पण भाऊ अशक्त जन्मला, त्याचेच आजारपण सरेना, आणि मी शाळेत घालण्याच्या वयाची होईपर्यंत पिंपळनेरलाच राहिले.

हे शेवटचे मला ठाऊक होते, पण अगदी वेगळ्या रूपात. पिंपळनेर म्हणजे माझ्या आठवणीतला सुखाचा काळ: बाजाराच्या दिवशी डोंगरातून उतरणाऱ्या बायांच्या टोपल्या, मावशीच्या कडेवरून दिसणारी गर्दी, मावशीच्या लुगड्याचा वास. त्या आठवणीत मी कुणाची वाट पाहत नव्हते. माझी कुणी पाहत असेल, हे माझ्या मनात कधी आलेच नव्हते.

"वरीसम्हा एकदोनदाव यायजाय व्हयनी," आई सांगत होती. "साक्रीलोंग एक एस्टी, मंग दुसरी. तुन्हासाठे फ्रॉक लई येऊ. तू तिन्हा मांगे लपे. माले 'बाई' म्हने."

मी लेकीच्या अंगावरचा पदर सारखा केला.

"तुन्हा पहिला दात उशिरा उना, मी देखाच नही," ती म्हणाली. मग लेकीच्या तळव्यावर अंगठा फिरवत, माझ्याकडे न पाहता, "हिना दात देखू, असं वाटे माले. म्हनीसन म्हनू, ऱ्हाऊ दे थोडा दिन."

इतके दिवस मी आईला माझ्या वाटेत उभी असलेली बाई समजत होते. आपल्या लेकीच्या घरी पुन्हा तेच घडू नये ही भीती तर तिला होतीच. पण त्या भीतीच्या आड तिला माझे तान्हेपण परत हवे होते. ते माझ्या लेकीच्या रूपाने घरात आले होते आणि पंचांगाच्या आधारे ती ते एकेक महिन्याने राखत होती. माझी ओढ धुळ्याकडे होती, आणि तिची ओढ माझ्याकडे; एक अडवायला आणि दुसरी झाकायला एकटा शुक्र पुरा पडत होता.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन मी त्यांना फोन केला.

"अहो, मी तांबी बसवून घेते आहे. उद्या."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बरं," ते म्हणाले. आणि मग, "मी दर रविवारी गाडीत ठरवून येत होतो, आज हे विचारायचंच. आणि तुमच्या फाटकाची कडी वाजवली की सगळं विसरायचो."

"मीही वाक्यं रचून ठेवली होती."

"कोणती?"

"आता नाही सांगणार," मी म्हणाले, आणि माझे कान तापले.

दवाखान्यात आई बरोबर आली. डॉक्टरबाईंनी आधी तपासून खात्री करून घेतली आणि मग नेहमीप्रमाणे विचारले, "घरच्यांना विचारलंय ना?" उत्तर द्यायला आईने तोंड उघडले होते, पण त्याआधी मी म्हणाले, "मला हवी आहे." आवाज थोडा मोठा निघाला. डॉक्टरबाई हसल्या. थोडी कळ आली, पोटात पिळवटल्यासारखे झाले आणि संपले. पुन्हा कधी दाखवायला यायचे, काय झाले तर लगेच यायचे, हे त्यांनी समजावून सांगितले. बाहेर येऊन पाहते, तर आई बाकावर लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. चार महिन्यांपूर्वी माझे पती बसले होते तेच ते बाक.

घरी आल्यावर मी अंथरुणावर पडले. आई गुळाचा चहा घेऊन आली, पेला माझ्या हाती दिला आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "आते शुक्र मावळी गया. अस्तम्हाबी जावानं नही." थोडे थांबून, "आठ दिन ऱ्हाय. मंग तो उगवतीले निंघी."

आता भिण्यासारखे काही उरले नव्हते, हे तिलाही माहीत होते आणि मलाही. लेकीच्या खालच्या हिरडीवर पांढरी रेघ दिसू लागली होती.

"राहते," मी म्हणाले.

संध्याकाळी त्यांना फोनवर सांगितले, "शुक्राचा अस्त आहे. अजून आठ दिवस." ते काही विचारणार होते, असे मला जाणवले. त्यांनी विचारले नाही.

त्या रविवारी जेवण झाल्यावर आईने लेकीला खांद्यावर घेतले. "अक्कांकडे जाऊन येते," ती तिच्या शाळेतल्या भाषेत म्हणाली. "वेळ लागेल. तिची भाजणी दळायची आहे." आणि जाताना तिने बाहेरून दार ओढून घेतले. आमच्या घराचे पुढचे दार दिवसा लोटलेले मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

ते दाराजवळच्या खुर्चीवर बसलेले होते. मी पलंगाच्या कडेला. हातात बाळ नव्हते, त्यामुळे हातांचे काय करावे हे दोघांनाही कळेना. मग ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडल्याचा आवाज आला. मी मागोमाग गेले. त्यांनी बाह्या दुमडल्या होत्या. आम्ही दोघांनी आईची सगळी भांडी घासून पुसून लावली. शेवटची वाटी देताना ते "झालं" म्हणाले, पण वाटी सोडली नाही. मीही सोडली नाही. बऱ्याच वेळाने फाटकापाशी आईचा खोकला ऐकू आला, चांगला मोठा आणि दोनदा. आईला खोकला नव्हता.

आठ दिवस भरले तेव्हा, पहाटेच्या गाडीने, लेक आणि मी धुळ्याला निघालो; ते तिकडे स्टेशनवर घ्यायला येणार होते. अजून उजाडायचे होते. आई स्टेशनपर्यंत चालत आली. वाटेत तिने मागे वळून पाहिले आणि मलाही पाहायला लावले. आमच्या घराच्या बाजूला, क्षितिजाच्या जरा वर, शुक्र उगवला होता. "देख, पाठमांगे शे," ती म्हणाली. लेकीला मात्र तिने गाडीच्या दारापर्यंत आपल्याच कडेवर ठेवले. दात आला नव्हता. ती पांढरी रेघ होती तेवढीच होती. शिटी झाली तेव्हा तिने हिरडीवरून बोट फिरवून पाहिले आणि मग लेकीला माझ्याकडे दिले.

धुळ्याला पोहोचल्यावर चौथ्या दिवशी, वरणाचे पाणी चाटवताना, चमचा टक्‌ असा वाजला. मी पुन्हा वाजवून पाहिला. दात आला होता. घर माझे होते, ओट्यावर माझा पंचा होता, संध्याकाळी ते येणार होते आणि जाणार नव्हते. इतके महिने ज्यासाठी झुरले ते सगळे जिथल्या तिथे होते, आणि मी चमचा हातात धरून चाळीसगावच्या अंगणाच्या आठवणीने रडत होते.

आईला फोन केला. फोटो पाठवू का, असे विचारले.

"फोटो नको," ती म्हणाली.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास दारावर टकटक झाली. आई उभी होती, हातात मेथीच्या लाडवांचा डबा. लेकीच्या घरी राहायचे नाही, ही तिच्या पिढीची रीत. लग्नानंतर ती आमच्याकडे एकदाच, तेही घर लावून द्यायला आली होती. तिने चपला भिंतीशी सरळ लावून ठेवल्या आणि दाराच्या सर्वांत जवळच्या खुर्चीवर बसली. माझ्या पतींनी पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढे ठेवला.

"प्रवास बरा झाला ना, आई?"

"हो," ती म्हणाली. "गर्दी नव्हती."

मी लेकीला तिच्या हाती दिले. आईने तिच्या ओठांवरून बोट आत सरकवले आणि डोळे मिटले. नुसत्या बोटाने ती तो दात पाहत होती. लेकीने बोट चावले, तरी तिने ते काढले नाही.

"आज राहा ना, आई," मी म्हणाले.

"संध्याकाळनी गाडी शे," ती म्हणाली.

आता तिच्यापाशी ना पौष होता, ना शुक्र. आणि मला तिला थांबवून घेता येईल असे एकही कारण पंचांगात नव्हते. संध्याकाळी निघताना तिने लेकीला माझ्याकडे दिले. लेक आता चांगली मान धरते. तरी आईने ती फार जपून, फार सावकाश दिली, आणि लेकीच्या पाठीखाली आमचे हात एकमेकांना लागले. मी माझे हात हलवले नाहीत. पुढच्या रविवारी ती येईल की नाही, हे मी विचारले नाही. पाळणा मात्र मी दाराजवळच्या खुर्चीशेजारी आणून ठेवला आहे.